आडवी डहाळी

माघातल्या त्या संध्याकाळीही केशर वडिलांना, आप्पांना, सुप्याच्या किल्ल्याच्या पडक्या तटापर्यंत फिरायला घेऊन गेली. आप्पांना हल्ली दिसत नसे. ते काळी नदी ऐकत बसले.

"रोज तीच नदी. किती ऐकतासा?" केशर वैतागली.

"तू हो म्होरं. फाट्यावर डहाळी टाक, न्हाईतर म्हातारा दरीत फिरायला जाईल," आप्पा हसले.

पुढे जाणाऱ्याने चुकीच्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायची, अशी रानातली रीत होती. आप्पा ती काठीने चाचपत. केशर रागातच होती. ती फाट्यावर न थांबता घरी आली.

सकाळी आप्पा दरीत सापडले.

"डहाळी वाऱ्यानं उडाली आसंल, पोरी," शेजारचा परशू म्हणाला. केशरने मान डोलावली.

तेराव्यानंतर ती तटावरून एकटी परतली. फाट्यावर घराच्या वाटेवर ताजी डहाळी आडवी पडली होती. दरीची वाट मोकळी होती.

तिने डहाळी फेकली. पुढच्या वळणावर दुसरी होती. अंगणाच्या तोंडाशी तिसरी.

ती धावत घरात शिरली, कडी घातली आणि वळली. चुलीपुढे चौथी डहाळी आडवी होती. तुटल्या टोकातून अजून चीक गळत होता.

"आप्पा," केशर मोठ्याने म्हणाली, "मी डहाळी टाकलीच न्हवती."