झाडलेलं अंगण

दिलराबोनं साडेतीनलाच अंगण झाडलं. दिवा लावला नाही. सासू रिसोलतबाईंची, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या ओयीची, आईची, झोप सावध. तुतीच्या बुंध्यापासून फाटकापर्यंत चाचपत झाडलं, मग फाटकाबाहेरचा रस्ता शेजारणीच्या हद्दीपर्यंत, आणि वर पाण्याचा शिडकावा. नवरा रशियाला कामाला जाताना बजावून गेला होता, "उजाडायच्या आत अंगण आरशासारखं दिसलं पाहिजे. मग सायकल काय, उंटावर बस."

नणंद मोहिरा डोळे चोळत फाटकाशी आली. आवाज न करता कडी काढायचं काम रोज तिचं.

"वहिनी, ताश्कंदच्या सायकल शर्यतीच्या निवडीला अकरा दिवस राहिले ना?"

"अकरा."

"झाली निवड की पहिलं मला सांगायचं. माझ्या ओयीची समजूत मी घालते."

"तू आधी स्वतःच्या लग्नाचं बघ. तेविसावं सरत आलं तुझं."

दोघी तोंडावर हात धरून हसल्या. मागं कडी लागली.

वारा सुटला होता. कोकंदचा वारा म्हणजे घरजावई, एकदा आला की जायचं नाव नाही. जाताना तो पाठीशी होता, तोवर सायकल नुसती पळाली. परतताना तोच छाताडावर बसला. दिव्याच्या उजेडात धुळीपलीकडे काही दिसेना. मांड्या पेटल्या, वेग निम्म्यावर आला. ताश्कंदला अशीच हवा असली तर? शिकवणाऱ्या मास्तरांनी तोंडावर सांगितलं होतं, "या वेळी नाही तर कधीच नाही. पुढच्या साली तू अठ्ठावीसची. तुला कोण विचारतंय?"

फटफटायला लागलं तेवढ्यात रिश्तानकडून एक पांढरी मोटार आली आणि पुढे गेली. दिलराबोनं दात खाल्ले अन् तिच्या मागे चिकटली. मोटारीच्या आडोशाला वारा नव्हता. चांगले दोन कोस ती तशीच गेली, हातभर अंतर ठेवून. मागच्या काचेतून डोक्याला रुमाल बांधलेल्या दोन बायका वळून वळून बघत होत्या. दिलराबोनं त्यांना हात केला. वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं तिला.

कालव्याच्या पुलावरून मोटार गावात गेली. दिलराबो मात्र कालव्यालाच वळली. मास्तरांनी सांगितलेल्या सहा दौडी अजून बाकी होत्या.

घरी आली तर फाटक सताड उघडं.

अंगणभर तुतीची पानं, घोटा बुडेल इतकी. पहाटेची सगळी झाडलोट वाऱ्यानं मातीत घातली होती. आणि त्या पाचोळ्यात रिसोलतबाई वाकून झाडत होत्या. गुडघे गेलेली बाई, दोन वर्षांत केरसुणीला हात लावला नव्हता. सून घरात असताना सासूनं फाटक उघडं टाकून झाडायचं म्हणजे गल्लीला काय सांगायचं ते सांगून झालं.

"ओयी, द्या इकडे. मी झाडलं होतं. खुदाची शपथ."

"हो का? मग बोलाव त्या वाऱ्याला साक्षीला."

मोहिरा कट्ट्यावर बसली होती. अंगात ठेवणीतला रेशमी झगा, सकाळी पावणेसातला. पुढ्यात दोन पेले, चहा गार झालेला. आणि एक अख्खी रोटी.

दिलराबोनं रोटीकडे बघितलं. मागणी घालायला येणाऱ्या बायका अशाच येतात, न सांगता, उजाडता उजाडता, घरचं अंगण बघायला. जमलं तर रोटी मोडून जातात.

"कुठल्या होत्या?"

"रिश्तानच्या." रिसोलतबाईंची केरसुणी थांबली नाही. "दोन वर्षांनी एक स्थळ दारात आलं. विचारलं, सून कुठाय? म्हटलं, गोठ्यात, दूध काढतेय. तर गोठ्यातून गाय हंबरली, धार न काढलेली. त्या भवानीलाही आजच तोंड उघडायचं होतं. तरी मी रेटून नेलं. हसले, चहा ओतला. मग त्यांची नजर गेली भिंतीवर. तुझा तो पदकाचा फोटो. एक म्हणाली, 'अगं बाई, हीच की! ही तर आमच्या मोटारीच्या मागे लागली होती. हात करत होती.'"

दिलराबो होती तिथंच उभी राहिली. सायकल अजून तिच्या हातातच होती. ती कुठं टेकवावी तेही तिला सुचेना.

"मोहिरा, मला माहीत नव्हतं गं."

मोहिरा झग्याची बाही तेवढी सारखी करत राहिली.

"ओयी, उद्यापासून नाही जाणार मी. ताश्कंद नको, काही नको. विकून टाका ही."

"का? जा की." रिसोलतबाईंनी पाचोळा फाटकाकडे लोटला. वाऱ्यानं तो निम्मा परत आणला. "खुशाल जा. उजाडेपर्यंत कशाला, दुपारपर्यंत जा. आता बघायला कोण येणार आहे?"

मोहिरा उठली. रोटीवर पडलेलं एक पान तिनं फुंकून उडवलं, रोटी दोन्ही हातांत घेतली आणि मधोमध मोडली. एक अर्धं दिलराबोच्या धुळीनं भरलेल्या हातात ठेवलं.

"खा, वहिनी. दमली असशील."

रोटी मोडल्याचा आवाज झाला तशी केरसुणी थांबली. रिसोलतबाईंनी वळून मात्र बघितलं नाही.