सतरा नंबरचा दिवा

"सतरा नंबर पुन्हा लागलाय, वहिनी," नाटकाचा मॅनेजर तिच्या कानाशी कुरकुरला. "शेवटी काळोख होत नसेल, तर दिव्यांच्या बोर्डवर दुसऱ्या कुणाला बसवतो."

तिने बोर्डवरची सतराची सरकती पट्टी खाली ओढली. नवरा होता तोवर बोर्डला बोट लावायची तिला सोय नव्हती. शेवटच्या प्रवेशात तो कोपऱ्यातला हा दिवा मिणमिणता ठेवायचाच. मिट्ट काळोख त्याला सोसत नसे. तिला मात्र काळोखच हवा होता.

दिवा विझला आणि सावकाश परत उजळला.

बोर्ड नंबर पुकारतो, दिवा आपला नंबर ऐकून वागतो. उलटून बोलणं दिव्याला ठाऊक नसतं. तिने बोर्डातून दिव्यांकडे जाणारी केबलच उपटली.

दिवा आणखी उजळला. आणि फक्त बोटाने हलणारी ती पट्टी तिच्या बोटासकट वर सरकू लागली.

"दादा नाहीत तेव्हापासून हे..." मॅनेजर चाचरला. सगळे एवढंच म्हणत, 'दादा नाहीत'.

तिने पट्टी दाबून धरली. खालून ओळखीचा, हट्टी जोर आला. तिनेही सोडलं नाही.

"अहो, मेलात ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग हात काढा."