चवीची वही

पंगत बसण्याआधी अधीक्षिकेनं पहिला घास खायचा आणि चवीच्या वहीत सही करायची, असा मुलींच्या वसतिगृहाचा नियम होता. खैरनारबाई तो बारा वर्षं पाळत आल्या होत्या. दातांच्या उपचारासाठी घेतलेल्या महिनाभराच्या रजेनंतर आज पहिला घास चावताच त्या थबकल्या. दाताखाली खडा आला होता. पुढच्या घासालाही आला.

त्यांचे जुने कृत्रिम दात थेट हाडात स्क्रूनं बसवलेले होते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ते काढून, मुळांभोवती जिवंत तंतू वाढवलेले नवे दात बसवले. "दात आणि हाडामधली ही तंतूंची गादीच बारीक टोचणं ओळखते," ते म्हणाले होते. "जुन्या दातांना ती नव्हतीच."

"तांदूळ बदललात का?" बाईंनी स्वयंपाकीणमावशींना विचारलं.

"नाही बाई. पहिल्यापासून हाच येतो."

गेल्या वर्षी भातात खडे लागतात म्हणाली म्हणून सुगंधा नावाच्या मुलीला बाईंनी भर पंगतीत उभं केलं होतं. "मला कसे लागत नाहीत?" पुढे तिची दाढ तुटली, तेव्हाही त्यांनी नखरेच म्हटलं.

बाई पंगतीत आल्या. मुली घास न चावताच गिळत होत्या. आजवर बाई याला शिस्त समजत होत्या.

"सुगंधा, भात कसा आहे गं?"

सुगंधा चटकन उभी राहिली.

"चांगला आहे, बाई."