आयपीस फिरवून बघा

ठिपका काळा होता, मोहरीपेक्षा बारीक, आणि त्याला केसासारखं शेपूट होतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या कांद्याच्या पापुद्र्यातल्या पिवळट पेशींवर तो अगदी मधोमध बसला होता.

"स्लाइड अस्वच्छ," बाई म्हणाल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात तेच लिहिलं. आजच्या प्रात्यक्षिक परीक्षेतला हा सातवा असा शेरा. प्रत्येकाला पाच गुण कमी. समोरची मुलगी गेल्या वर्षी चारच गुणांनी नापास झाली होती.

ती हलली नाही. "मॅडम, ही माझी तिसरी स्लाइड. तिन्हींवर तोच ठिपका कसा?"

"हात धुतले नाहीत की असतो."

बेसिनपाशी काचा विसळणारे प्रयोगशाळेतले मामा हसले. "अहो, चार महिने तुम्ही नुसती भिंगं पुसताय. आता भोकं पडतील त्यांना!"

बाई हसल्या नाहीत.

"तुम्हीच शिकवलंत," मुलगी खालमानेनं म्हणाली. "आधी स्लाइड सरकवायची. ठिपका सरकला तर घाण स्लाइडवर. नाहीतर डोळ्याकडचं भिंग, आयपीस, फिरवून बघायचं."

बाईंनी स्लाइड सरकवली. पेशींच्या रांगा डावीकडे गेल्या. ठिपका जागचा हलला नाही. आयपीस फिरवलं. ठिपका फिरला नाही. खालचं भिंग बदललं. पेशी चौपट मोठ्या झाल्या, ठिपका तेवढाच राहिला.

"मामा, जरा बघा."

मामा हात पँटला पुसत आले, वाकले. "लख्ख आहे की. काय शोधताय?"

आता एकच पायरी उरली होती. ती बाईंनी चार महिने टाळली होती. त्यांनी उजव्याऐवजी डावा डोळा लावला.

पेशी स्वच्छ होत्या. एकेक भिंत, एकेक केंद्रक.

आईचं असंच सुरू झालं होतं, एका डोळ्यातल्या ठिपक्यापासून. आई वर्षभर चष्मा पुसत राहिली. मग दिसणंच थांबलं; तिला चष्म्याची गरजच उरली नाही.

बाईंनी सातही शेरे खोडले. प्रत्येक खोडीशेजारी सही केली. पेनाला टोपण लावून त्या उठल्या.

"मामा, ऑफिसात सांगा, उरलेल्या मुलांना दुसरा परीक्षक द्या. मी डोळे दाखवायला जातेय."