नळावरची पहिली घागर

नगराध्यक्ष झाल्यावर विष्णुपंत गद्रे वकिलांनी भांडून ठराव मंजूर करून घेतला, की बाजारातला नवा नळ सर्व जातींना खुला राहील. तेव्हापासून त्यांचे अशील तुटले आणि आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

नळ सुरू झाला त्या दिवशी बाजार माणसांनी भरला होता, पण पाण्याला कोणी हात लावेना. शेवटी महारवाड्यातली सगुणा पुढं आली आणि तिनं घागर तोटीखाली धरली.

“झालं! आता इथलं पाणी कोण पिणार?” गर्दीतून एकजण ओरडला. “वकीलसाहेब, तुमच्या घरचं तरी कोणी भरेल का?”

इंग्रज न्यायाधीशापुढंही कधी न अडखळलेल्या विष्णुपंतांनी मान खाली घातली.

“मी भरणार आहे,” गर्दीच्या मागून एका बाईचा आवाज आला.

लोक बाजूला झाले. कमरेवर तांब्याची घागर घेऊन विष्णुपंतांची म्हातारी आई येत होती. सगुणा घाईनं मागं सरकू लागली, तशी आई म्हणाली, “थांब गं, तुझी भरू दे आधी.”

मग तिनं आपली घागर भरली. विष्णुपंत ती उचलायला धावले.

“डोळे पूस आधी,” आई म्हणाली. “आणि घरी चल. काल रात्रीपासून उपाशी आहेस.”