तोंडी लावणं

हेमचंद्रांनी कवळी काढली, समोरच्या वाटीत ठेवली आणि म्हणाले, "हां, आता मोकळेपणी बोलता येईल."

थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी उल्काताई आल्या. त्यांनी कवळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली, वाटी पदराने पुसली आणि त्याच वाटीत मधुसूदनरावांना श्रीखंड वाढलं.

"केळवण आहे. नाही म्हणायचं नाही."

मधुसूदनराव नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या ऋचाचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. लखनौमध्ये मराठी घरं मोजकी, त्यामुळे केळवणाला कुठून बोलावणं आलं की जावंच लागायचं. शिवाय या वाटीची त्यांना जुनी ओळख होती. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी तिच्यावर एक अख्खा लेख लिहिला होता.

रेल्वेच्या संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यापासून मधुसूदनराव मानक नगरजवळच्या आपल्या घरी बसून टोपणनावाने ब्लॉग लिहीत. ब्लॉगचं नाव 'तोंडी लावणं'. विषय एकच: लखनौतले मराठी लोक काय खातात, कशात खातात आणि मग हात कुठे पुसतात. पत्नीला, लतिकाबाईंना, त्यांनी सांगितलं होतं की आपण जुन्या सहकाऱ्यांच्या मेलना उत्तरं देतो. नावं ते कुणाचीच छापत नसत. 'जानकीपुरमचे कवळीवाले शास्त्रज्ञ' एवढंच. जानकीपुरममध्ये कवळी लावणारे मराठी शास्त्रज्ञ एकच होते. पण वाचतंय कोण? जो तो मोबाइलवर नाच बघण्यात गर्क.

ऋचाचं जमेपर्यंत ही बेफिकिरी परवडत होती. मग तिने इंदिरा नगरचा विश्वजित पसंत केला, आणि विश्वजितच्या आई निघाल्या प्रतिमाताई. ब्लॉगवर सगळ्यात जास्त लेख त्यांच्यावर होते. 'पळीवाल्या बाई'. हे त्यांनी वाचलं असेल तर लग्न मोडणार, आणि बापाच्या करणीने मोडणार. लेख पुसून टाकायला मधुसूदनराव बसले. आधी एकदा वाचून पाहिले, तर हात धजेना. फारच चांगले उतरले होते.

तेव्हा त्यांनी ठरवलं, प्रत्येक केळवणात सहज विषय काढायचा आणि अंदाज घ्यायचा.

अंदाज उत्तम आला. हेमचंद्र म्हणाले की ते ब्लॉग वगैरे आमच्याकडे कॉम्प्युटरवाली पोरं करायची. बँकेतल्या सुबोधने विचारलं, त्याला डेटा किती जातो. सुबोधची बायको स्वप्ना म्हणाली की तिला माहीत आहे, तिची भाची भाजी चिरताना स्वतःचा व्हिडिओ काढते, तेच ना. हे सांगता सांगता तिने नातवाचं नाक फडक्याने पुसलं आणि त्याच फडक्याने मधुसूदनरावांचं ताट. मग सुबोधने कोशिंबीर हाताने कालवली, बोटं एकेक करून चाटली आणि मीठ कमी आहे म्हणत हात पुन्हा कोशिंबिरीत घातला.

ते फडकं आणि ती बोटं, दोन्ही ब्लॉगवर येऊन गेली होती.

आणि हाच मधुसूदनरावांचा पक्का पुरावा होता. आपली घाण छापून आलेली दिसली तर माणूस आधी ती झाकतो. इथे तर कुणी काहीच झाकत नव्हतं. प्रत्येक घासाला त्यांना ओकारी येई आणि हायसंही वाटे.

नवल वाटे ते घरच्या दोघींचं. त्यांची ताटं आतून वाढून येत, आणि दोघी मिटक्या मारत जेवत. लतिकाबाई तर भाजी मागून घेत.

"पापा, खा लीजिए ना," ऋचा कुजबुजे. "अच्छा नहीं लगता।"

मुलीचं केळवण होणाऱ्या सासूने करण्याची रीत नाही. पण प्रतिमाताईंनी हौसेने बोलावलं. मधुसूदनराव टेबलाशी बसले आणि प्रतिमाताईंनी आमटीचं पातेलं थेट त्यांच्यासमोर आणून ठेवलं. पळी बुडवली, ओठांना लावली, सुर्रकन ओढली, उरलेली आमटी पातेल्यात परत ओतली.

"चिंच पुढे झालीय का हो?" असं विचारून त्यांनी पुन्हा एकदा पळी ओठांना लावली. मग त्याच पळीने मधुसूदनरावांची वाटी भरली.

मधुसूदनरावांनी डोळे मिटून घोट घेतला आणि विषय काढला. आजकाल म्हणे लोक ब्लॉग लिहितात.

"म्हणजे काय हो ते?" प्रतिमाताईंनी विचारलं.

"म्हणजे आपल्या मनात येईल ते लिहायचं. जगात कुणालाही वाचता येतं."

"अगं बाई. आणि वाचतात लोक?"

"छे हो. कुणीसुद्धा वाचत नाही."

"मग घ्या की अजून थोडी," प्रतिमाताई म्हणाल्या आणि पळी पुन्हा तोंडाला लावून त्यांनी वाटी काठोकाठ भरली.

मधुसूदनरावांनी तीही संपवली. लग्न वाचलं होतं. ब्लॉगही वाचला होता.

परतताना गोमतीच्या पुलाअलीकडे त्यांनी गाडी घाईघाईने कडेला घेतली, दार उघडलं आणि सगळं केळवण रस्त्यावर ठेवलं. मागच्या सीटवर ऋचा मोबाइलमध्ये बघत राहिली. लतिकाबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं.

"तुम्हा दोघींना किळस कशी येत नाही?" त्यांनी विचारलं. "तीच पळी, तेच पातेलं, आणि तू वर मागून घेतेस."

"आमचं वेगळ्या पातेल्यातलं असतं. सगळ्यांकडेच," लतिकाबाई म्हणाल्या. "मराठी मंडळाच्या बैठकीत तसं ठरलंय. तुम्ही तेव्हा घरी ब्लॉग लिहीत बसला होतात."