चढावरचा गिअर

लष्कराच्या लिलावातला जुना ऑटोमॅटिक ट्रक भोजराजकाकांनी आमगावच्या गॅरेजात आणला, तेव्हा भुपेंद्र मिस्त्री मनातून हरखला. असला गिअरबॉक्स हाताखालून जायचा योग एरवी कुठला!

"चढावर गिअर सुटते अन् गाडी मागं येते," काका म्हणाले. "नीट पाह्य."

भुपेंद्रने गिअरचं तेल बोटांवर चोळून हुंगलं. तेल लाल होतं, जळका वास नव्हता. मग गाडी तापवून पुलाच्या चढावर नेली, मध्येच थांबवून पुन्हा उचलली. इंचभरही मागे आली नाही.

"काका, गिअरबॉक्स एकदम चांगला हाय. आजवर कोनी खोलला बी नाही."

काकांचा चेहरा पडला. "पुन्हा पाह्य. बिघाड असनच."

"बिघाड कायले पायजे तुमाले?"

"माहा पोरगा राजदीप फौजेत हाच ट्रक चालवे. ज्याच्याशी भांडन झालं, तोच जोडीदार याच्या मागं चिरडला. राजदीप म्हने, गिअर सुटला. कोर्टानं मानलं नाही, जेलात टाकलं. आमी मानलं."

भुपेंद्र हातातलं फडकं चुरगाळत राहिला.

"मंग एक काम कर," काका हळूच म्हणाले. "हा गिअरबॉक्स खराब करून दे. गिअरच खराब होता, हे आयकाची घरी त्याची माय वाट पाहून राहिली."